शाळा सुटल्यावरच्या वर्गाला पहिला तास खेळाचा

अगं, पोरं साडेपाचला दमून, भुकेजून येतात. आल्याआल्या योगासनांना बसवू नकोस. आधी हात धुवायला लाव, साबणानं निदान २० सेकंद. मग मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा. गूळ आपल्या कोल्हापूरचाच, पण थोडाच दे. शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी आहे का, हे प्रवेशाच्या दिवशीच पालकांकडून लिहून घे.

खेळाचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते. तुझ्या वर्गात त्यातली ३०-४० मिनिटं झाली तरी पुष्कळ. लंगडी, डॉजबॉल, दोरीउड्या लाव. खो-खोत बसलेली पोरं बसूनच राहतात, म्हणून दोन छोटे गट कर. बाद झालेल्याला बाहेर काढू नकोस, पाच उड्या मारून परत आत घे. नाहीतर ज्याला हालचालीची खरी गरज, तोच कडेला बसतो.

आणि पेठेतली फुटबॉलवेडी पोरं चेंडू सोडणार नाहीत. मुलींनाही त्यात घे, आधी लाजतील.

जुलैत पावसानं मैदान गेलं की हॉलमध्ये सूर्यनमस्कार. तेव्हा मात्र कुणाचा वजनावरून 'पैलवान' म्हणून उल्लेख झाला, तर तिथंच थांबव. तालमीच्या गावात तो शब्द मानाचा आहे, चिडवायचा नाही.