नाणीप्रदर्शनात विक्रेत्याला मोबाईलवरचा भाव दाखवणं उद्धटपणा आहे का?

पणजीतल्या नाणीप्रदर्शनाला पहिल्यांदाच जाणार आहात, आणि विक्रेत्याला मोबाईलवर दुसरीकडची किंमत दाखवून भाव कमी मागितला तर चालेल का, तिथं वागायचे काही नियम असतात का, असं तुम्ही विचारलंय.

मोबाईल खिशात ठेवा. त्यावर दिसतो तो कुणीतरी मागितलेला भाव असतो, त्या भावाला ते नाणं विकलं गेलेलं नसतं. शिवाय फोटोतलं नाणं आणि तुमच्या समोरचं नाणं सारखंच झिजलेलं असेल असं नाही. "शेवटचं किती?" असं एकदा विचारावं. आकडा पटला तर पैसे मोजावेत, नाही पटला तर नाणं उचललं होतं तिथंच ठेवून पुढच्या टेबलाकडे जावं. भाव ठरल्यावर पैसे देताना आणखी पन्नास तोडायला बघणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. सकाळी भवानी व्हायच्या आत अर्धा तास घासाघीस करून रिकाम्या हाताने उठणारीही नाहीत.

नाणं कडेने धरायचं, ट्रेच्या वरच धरायचं, टेबलावर आपटून आवाज ऐकायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पण सगळ्यात पक्का नियम वेगळा आहे. नाणं ज्याच्या हातात, पहिला हक्क त्याचा. तो ते खाली ठेवेपर्यंत दुसऱ्याने भाव बोलायचा नाही, मागून हात घालायचा नाही, मत द्यायचं नाही. हा नियम मी मोडलेला आहे. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो ते त्यामुळेच.

पाच-सहा वर्षं झाली असतील. पणजीतच प्रदर्शन होतं, शनिवारची दुपार, गर्दी भरपूर. ज्या विक्रेत्याकडून मी पंधरा वर्षं नाणी घेत आलो होतो, त्याच्या टेबलाशी मी पोर्तुगालच्या राजा कार्लोसच्या 1901 सालच्या पाव टांग्यांचा (टांगा हे पोर्तुगीज गोव्यातलं एक नाणं) ट्रे चाळत बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवर एक काका येऊन बसले. सत्तरीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी. काणकोणहून बस बदलत आले होते. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजनाला पोर्तुगीज रुपये मांडायचे, ते वडिलांनी अडचणीच्या काळात सोनाराकडे वितळायला दिले, आता निदान एक तरी पुन्हा देवघरात असावा, एवढंच त्यांचं म्हणणं. विक्रेत्याने त्यांच्यापुढे राजा लुईसचा 1882 चा रुपया ठेवला आणि साडेचार हजार सांगितले. काकांनी घासाघीस केली नाही. फक्त म्हणाले, "चार करा." त्याने मान हलवली. काका बोट ओलं करून नोटा मोजू लागले.

मी ते नाणं दोन हातांवरून बघत होतो. कडेच्या दात्यांमधून सबंध गोल फिरलेली एक गुळगुळीत रेघ होती, कानशीने घासल्यासारखी. अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी बसलेली. राजाच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे. साच्यात ओतलेलं नाणं असंच दिसतं. ठश्याने ठोकलेल्या नाण्यावर असे खड्डे नसतात.

"काका, जरा पाहू?" म्हणून मी ते त्यांच्यासमोरून उचललं. ते हो म्हणायच्या आधीच उचललं, हे खरं आहे. पिशवीतला छोटा काटा काढून त्यावर ठेवलं. नऊ ग्रॅम सत्तर.

हा रुपया 11.66 ग्रॅमचा असतो. 1878 साली इंग्लंड आणि पोर्तुगालचा करार झाला, त्याप्रमाणे 1881 आणि 1882 चे गोव्याचे रुपये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडले गेले, ब्रिटिश रुपयाच्याच वजनाचे आणि त्याच कसाचे. वापराने झीज होते, पण ती दशांश ग्रॅमांची. दोन ग्रॅम चांदी झिजून जायची तर राजाचा चेहराच उरणार नाही. या रुपयावर चेहरा शाबूत होता आणि वजन तेवढं गेलं होतं. मी आकडा मोठ्याने वाचला आणि म्हणालो, "काका, हे ओतीव आहे. घेऊ नका."

विक्रेता माझ्याकडे बघून म्हणाला, "तुका कितें पडलां?" पंधरा वर्षं मला 'तुमी' म्हणणारा माणूस त्या क्षणी 'तू'वर आला. आजूबाजूच्या टेबलांवरची बोलणी थांबली. काकांनी नोटा परत गोळा केल्या, पुन्हा एकदा मोजल्या, पिशवीची घडी केली आणि मान खाली घालून उठले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ती खाली घातलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. मी मागोमाग जिन्यापर्यंत गेलो, तोवर ते गर्दीत दिसेनासे झाले होते.

तेव्हापासून त्या विक्रेत्याच्या टेबलाशी मी एखाद्या नाण्याकडे बोट दाखवलं की उत्तर एकच मिळतं, "विकलंय."

माझा एक मित्र आहे, मडगावचा. आम्ही दोघं प्रत्येक प्रदर्शनाला बरोबर जातो. त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्याने मला धारेवर धरलं आणि हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, दुसऱ्याच्या टेबलावर तोंड उघडायचं नाही. विक्रेत्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतंस. तो घरोघरचे ऐवज ठोक भावात उचलतो, एखादा खोटा रुपया त्यालाही कळला नसेल. तू चार माणसांत त्याची अब्रू घेतलीस, आणि त्या म्हाताऱ्यालाही ओशाळं केलंस.

आता माझं ऐका. नोटा मोजून झाल्या होत्या. आणखी अर्ध्या मिनिटात नाणं कापडी पिशवीत गेलं असतं आणि काका बसस्थानकाच्या वाटेला लागले असते. विक्रेत्याला बाजूला घेऊन मी काय सांगणार होतो, आणि तो काणकोणपर्यंत कुणाला शोधत जाणार होता? आणि त्याला खरंच माहीत नव्हतं असं धरलं, तर मग काट्यावरचा आकडा बघून त्याने मला "तुका कितें पडलां" का विचारावं? ज्याला माहीत नव्हतं तो म्हणाला असता, अरे, दाखव बघू. काकांपुढे हात जोडून त्याने दुसरा रुपया काढला असता तर त्याची अब्रू वाढली असती. हे मी मित्राला दहा वेळा सांगितलंय. तो गप्प बसतो, पण मान्य करत नाही.

मला हे इतकं का लागतं तेही सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या पगारातून मी असाच एक रुपया घेतला होता. तीनशे रुपयांना, पगाराच्या मानाने मोठी रक्कम. टेबलाशी दोन जाणते संग्राहक उभे होते, दोघांनाही मी गुरुस्थानी मानायचो. मी नाणं रुमालात गुंडाळलं तेव्हा दोघंही हसून बघत होते. संध्याकाळी म्हापशाच्या बसस्थानकावर त्यातले एक भेटले आणि म्हणाले, "ओतीव होता तो. पण दुसऱ्याच्या धंद्यात कसं बोलायचं?" तो रुपया माझ्याकडे अजून आहे. दहा ग्रॅम भरतो. पैसे गेल्याचं दुःख कधीच संपलं. ते दोघं तिथं उभे होते, ते काही संपत नाही. ज्या शिष्टाचाराने विक्रेत्याचं टेबल सांभाळलं जातं आणि नवख्या मुलाचा पगार जातो, तो शिष्टाचार मी पाळणार नाही, आणि तुम्हीही पाळू नका.

विक्रेत्यांनाही शिष्टाचार असतो, हे नवीन लोकांना कुणी सांगत नाही. गोव्यातल्या जुन्या रुपयांपैकी कितीतरी दागिन्यांत गेलेले असतात. कडी काढून, घासून ते परत बाजारात येतात. कडी लावल्याची खूण वरच्या कडेला असते, आणि ती तुम्ही विचारायच्या आधी विक्रेत्याने दाखवायला हवी. नाणं पॉलिश केलं असेल तर तेही सांगायला हवं. बिल मागितलं की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. बिलावर साल, धातू आणि वजन लिहून घ्या, आणि खोटं निघालं तर परत घ्याल का हे पैसे देण्याआधी विचारा. चांगला विक्रेता लगेच हो म्हणतो. असे अनेक आहेत, त्यातल्या एकाने मला दोन वर्षांनी परत नेलेलं नाणं एक शब्दही न बोलता घेतलं होतं.

तुमच्या बाजूचं आणखी एक. प्रदर्शनात घरची नाणी विकायला आलेली माणसं असतात. बिस्किटाच्या डब्यात 1958-59 ची सेंताव आणि एस्कुदोची, म्हणजे पोर्तुगीजांची शेवटची नाणी घेऊन एखाद्या आजी टेबलासमोर रांगेत थांबलेल्या दिसतात. ती नाणी 1961 च्या गोवामुक्तीपर्यंत जेमतेम दोन-तीन वर्षं चालली आणि मग घराघरांत पडून राहिली, त्यामुळे त्यांची फार किंमत येत नाही. पण डब्याच्या तळाशी काय असेल सांगता येत नाही. त्या आजींना रांगेतून बाजूला बोलावून डबा उघडायला लावू नका. ती विक्रेत्याची खरेदी आहे, जागेचे पैसे त्याने भरलेत.

आता वर जे ठासून लिहिलं त्यात थोडं सावरून घेतो. मी तोंड उघडतो ते फक्त खोट्या नाण्याबद्दल. भावाबद्दल कधीच नाही. चार हजारांचं नाणं कुणी सहा हजारांना घेत असेल तर तो त्या दोघांचा व्यवहार. आणि खोटं म्हणायचं तर खात्री हवी, नुसता संशय असेल तर गप्प राहावं. 11.66 हा आकडाही सगळीकडे लावू नका. 1952 चा रुपया तर चांदीचाच नाही, तांबं आणि निकेलचा आहे. गोव्याच्या टांकसाळीतली 1881 च्या आधीची हाताने ठोकलेली नाणी वेडीवाकडी असतात, तिथं एकट्या काट्यावर काही ठरत नाही. तसंच 1818 सालच्या 'ईस्ट इंडिया कंपनी'च्या राम दरबाराच्या अर्ध्या आण्याबद्दल. तो कंपनीने कधी पाडलाच नाही, कितीही जुना दिसला तरी पैसे घालू नका. मात्र यावरून कंपनीच्या नाण्यांवर देव नव्हतेच असं समजू नका, मद्रासच्या सोन्याच्या होनांवर होते.

लिस्बनला किंवा लंडनला असलेल्या नातलगासाठी नाणं घेणार असाल तर शंभर वर्षांहून जुनं घेऊ नका. 1972 च्या कायद्याप्रमाणे ते पुरावस्तू ठरतं आणि तुम्हा-आम्हाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

काटा बरोबर न्या. तीन-चारशे रुपयांत बरा मिळतो. नाणं त्यावर ठेवायच्या आधी मात्र "वजन करू का?" असं विचारा. मी विचारलं नव्हतं, आणि मित्राचं तेवढं एक म्हणणं मला मान्य आहे. जो विक्रेता नाही म्हणेल त्याच्याकडून चांदी घेऊ नका.

या प्रदर्शनाला मी असेनच, बहुधा पोर्तुगीज नाण्यांच्या टेबलांपाशी. तीनशेचा तो रुपया माझ्या पिशवीत असतो, सोबत एक खराही असतो. येऊन मागा. दोन्ही हातात घ्या आणि कडेवरून नख फिरवून बघा.