झांझिबारमध्ये जोझानी जंगलाबरोबर फुलपाखरू केंद्रही बघावं का? किती वेळ ठेवावा?

नक्की बघा. स्टोन टाउनहून (झांझिबारचं जुनं शहर) जंबियानी किंवा मकुंदुचीला जाणारी दालादाला (टपाची मिनीबस) जोझानीवरूनच जाते. पेटे गावातलं हे केंद्र जंगलाच्या प्रवेशद्वारापासून सुमारे एक किलोमीटरवर आहे. तास-सव्वा तास पुरतो, फक्त वेळ नीट निवडा.

जंगलातली लाल कोलोबस माकडं सकाळच्या गारव्यात बघून घ्या आणि साडेदहा-अकराला केंद्रात या. फुलपाखरांना उडायला अंग तापावं लागतं. ढगाळ दिवशी ती पानांखाली चिकटून बसतात आणि त्यांना ठेवलेलं जाळीघर रिकामं वाटतं. त्यामुळे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ शक्यतो टाळा.

जाळीघरात शिरून फोटो काढले की लोक निघतात. खरं काम कोषांच्या जागी दिसतं, तिथे थांबाच. जंगलाकाठच्या गावांतले शेतकरी माद्या अलगद पकडून जाळीत अंडी घालून घेतात, अळ्यांसाठी खाद्यझाडं लावतात आणि तयार कोष केंद्राला विकतात. जंगल तोडून कोळसा पाडण्याऐवजी ते राखण्यात घरचा पैसा मिळावा, हा यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तुमच्या तिकिटाचा पैसा या कामालाच लागतो.

कोष टांगलेलाच का ठेवतात, हे गाइडला विचारा. बाहेर आलेल्या फुलपाखराला लोंबकळत पंख फुगवून सुकवायला जागा लागते. ती मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि ते कधीच उडत नाही. म्हणून नुकत्याच निघालेल्याला बोट लावू नका.

डासांचं मलम हाताला लावून आत जाऊ नका, कीटकांना ते घातक ठरतं. पण झांझिबारमध्ये मलेरिया आहे, तेव्हा पूर्ण बाह्या आणि लांब पँट घाला. मलम बाहेर आल्यावर लावा. एसी गाडीतून उतरल्यावर दमट हवेत लेन्सवर वाफ धरते, कॅमेरा दहा मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. उडतानाच्या फोटोला शटर १/१००० सेकंदाच्या आसपास हवा. ते जमत नसेल तर खाद्याच्या ताटलीपाशी थांबा. कॅरॅक्सिससारखी (Charaxes) दणकट फुलपाखरं फुलांपेक्षा सडक्या केळ्यावर जास्त रमतात आणि तिथे बराच वेळ बसतात.

आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू आफ्रिकेतही आढळतं, त्यावरही लक्ष ठेवा. चालताना पायाखाली बघा, आणि निघताना पाठीवर, पिशवीवर एखादं बसलंय का ते दुसऱ्याकडून तपासून घ्या.