पातोळ्यांचा मेल कधी पाठवायचा?

प्रश्न : ताई, फोंडा तालुक्यात आमचा घरगुती धंदा आहे. कोकमाचं आगळ, सोलं, माडाचं गोड (म्हणजे माडाचा गूळ), हळद, मसाले, आणि पावसात हळदीची पानं. ईमेलची यादी ११४० जणांची. निम्मे मुंबई-पुण्याचे, दीडेकशे परदेशात, उरलेले गोव्यातलेच. दिवाळीला आणि नाताळाला आम्ही मेल पाठवतो, पण तेव्हा सगळं जगच पाठवतं, आमचा कोण वाचणार? जुलै ते सप्टेंबर मात्र धंदा झोपलेला असतो. भाच्यानं नेटवरून 'उन्हाळ्याच्या अखेरीचे कमी माहितीचे दिवस' अशी चाळीसेक दिवसांची यादी काढून दिली आहे. त्यातले कोणते धरावेत आणि किती आधी मेल पाठवावा?
— एक वाचक, सावईवेरे

उत्तर : भाच्यानं राग मानू नये, पण ती यादी बाजूला ठेवा. असल्या याद्या अमेरिकेच्या हिशेबानं केलेल्या असतात. तिकडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डेची सुट्टी असते आणि ती झाली की उन्हाळा संपला असं धरतात. आपल्याकडे त्याच दिवसांत अंगणात शेवाळ असतं आणि कपडे तीन दिवस वाळत नाहीत. त्या चाळिसांतला एकच दिवस मला तुमच्या कामाचा वाटला, २ सप्टेंबरचा जागतिक नारळ दिन. नारळ पिकवणाऱ्या आशिया-पॅसिफिक देशांची संघटना १९६९ साली स्थापन झाली, तिचा हा दिवस. पण यंदा, २०२६ साली, सुतांची पुनव म्हणजे नारळी पौर्णिमा २८ ऑगस्टला आहे. समुद्राला नारळ देऊन झाल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा नारळाची आठवण कशाला करून द्यायची? तोही सोडून द्या.

तुमची खरी यादी तुमच्या स्वयंपाकघरात आहे. जुलैअखेर तळावलीला सांत आनाच्या इगर्जीत (चर्चमध्ये) तवशांचं म्हणजे काकड्यांचं फेस्त, ५ ऑगस्टला रायला कोंसाचं म्हणजे नव्या कणसांचं फेस्त, १५ ऑगस्टला सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताच्या पातोळ्या, हळदीच्या पानात उकडलेल्या, मग श्रावणातले आयतार (रविवार), नागपंचमी, पुनव, गोकुळाष्टमी, चवथ. गोव्याबाहेर यातली नागपंचमी, पुनव, गोकुळाष्टमी आणि चवथ (गणेश चतुर्थी) सगळ्यांना ठाऊक. बाकीचे सण तुमचेच म्हणायचे, त्यांच्यावर दुसरं कुणी मेल पाठवत नाही.

अडचण एकच, आणि तिच्यात मी स्वतः आपटले आहे. गोव्यात दोन पंचांगं एकाच भिंतीवर टांगलेली असतात. फेस्तं बहुतेक इंग्रजी तारखेला बांधलेली आणि आपले सण तिथीला. २०२३ साली मी म्हापशाच्या एका दुकानाचं वार्तापत्र लिहायची. आदल्या वर्षी नागपंचमी २ ऑगस्टला होती, म्हणून आदल्या वर्षीचंच वेळापत्रक कॉपी केलं, साल बदललं आणि ३० जुलैला 'पंचमीच्या पातोळ्यांची तयारी झाली का?' असा मेल सोडून दिला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. पंचमी आली २१ ऑगस्टला. संध्याकाळपर्यंत सात उत्तरं आली. त्यातलं एक कुंकळ्ळीच्या एका आजींचं, एकाच ओळीचं : "बाय, अधीक म्हयन्यांत पातोळ्यो कोण करता गे?" दुकानदार काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्या टेबलावर कालनिर्णय असतो आणि त्याच्याशिवाय मी एकही तारीख भरत नाही.

यंदाही अधिक महिना आला, पण तो ज्येष्ठ. म्हणून सगळं पुढे सरकलं आहे. चवथ २०२४ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ला २७ ऑगस्टला, यंदा ती १४ सप्टेंबरला आहे. आता यंदाचं ऑगस्टचं पान उघडा आणि मधला आठवडा पाहा. १५ ऑगस्ट, शनिवार, सायबिणीचं फेस्त. १६ ऑगस्ट, श्रावणातला पहिला आयतार. १७ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी. लागोपाठ तीन दिवस. साळगावच्या किरिस्तांव घरात शनिवारी पातोळ्या, तुमच्या-आमच्याकडे कुणाच्या आयताराला तर कुणाच्या पंचमीला. म्हणजे अख्ख्या गोव्याला हळदीचं पान एकाच तीन दिवसांत हवं! असा योग दर वर्षी येत नाही. मी तुमच्या जागी असते तर यंदाची सगळी मेहनत याच तीन दिवसांवर लावली असती आणि बाकीचे सण किरकोळ धरले असते.

आता किती आधी. सणाच्या दिवशी मेल पाठवणं फुकट. त्या दिवशी बाईचे हात पिठात असतात आणि पुरुष पान शोधायला बाजारात गेलेला असतो. सणाची तारीख विसरा, सणाच्या कामाची तारीख धरा आणि तिथून मागे मोजा. गोव्यातल्या गिऱ्हाइकाच्या घरात पान शुक्रवारी १४ तारखेला पोचलं पाहिजे. तोडलेलं पान ओल्या फडक्यात काही दिवस बरं राहतं, म्हणून तोडायचं बुधवारी १२ला. मागणी घ्यायची सोमवार १०पर्यंत. मग पहिला मेल ५ तारखेला बुधवारी, आणि आठवणीचा एकच, सोमवारी सकाळी. तोही ज्यांनी अजून मागवलं नाही त्यांनाच. मागवलेल्यांना पुन्हा 'घाई करा' म्हणून ओरडलं की ती माणसं कायमची जातात.

मुंबई-पुण्याच्या लोकांना पान देऊ नका, काळं पडून पोचेल. त्यांना माडाचं गोड आणि सोलं. पावसात घाटात एक दरड आली की पार्सल दोन दिवस बसतं, तेव्हा सामान ५ ऑगस्टला हलवायचं आणि मेल जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. परदेशातल्या दीडशेंना विकायलाच जाऊ नका. ताजं पान पोस्टानं सीमेपलीकडे जात नाही, आणि तुमचा मेल वाचून कुणी दुबईत हळदीचं पान शोधत फिरला तर शिव्या तुम्हालाच. त्यांना कृती पाठवा, तुमच्या घरची, तांदूळ किती वेळ भिजवता आणि चुनात (आतल्या सारणात) वेलची घालता की नाही तेही सांगून. तारीख मात्र त्यांच्या सोयीची धरा. पोर्तुगालात १५ ऑगस्टला सुट्टीच असते. इंग्लंडात ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, यंदा ३१ला, म्हणजे ३०चा आयतार त्यांना निवांत मिळतो. आणि तो लेबर डे ७ सप्टेंबरला, त्याच्या आदल्या दिवशी श्रावणातला शेवटचा आयतार. भाच्याला सांगा, यादीतलं काहीतरी कामाला आलं.

सबजेक्ट लाइनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा मागचा मेल सोबत जोडला होता म्हणून बोलते. 'श्रावण धमाका! सगळ्या उत्पादनांवर १५% सूट!!' असं लिहून तुम्ही स्वतःला वाशीच्या मॉलशेजारी नेऊन बसवलंत. त्याच जागी 'पानं बुधवारी तोडतो, सोमवारपर्यंत सांगा' एवढंच लिहा. फोनवर सबजेक्टचे पहिले पाच-सहा शब्द दिसतात, त्यात वार आला पाहिजे. आत एक फोटो, मळ्यातल्या हळदीच्या वाफ्याचा, तुमच्याच फोननं काढलेला. पावसाचे थेंब असतील तर पुसू नका. पाठवायची वेळ सकाळी दहाची, दुबईवाले तेव्हा साडेआठला कामावर पोचलेले असतात. दुपारी दोनला गोव्यातल्या माणसाला काही पाठवू नये, हे मी वेगळं सांगायला नको.

प्रश्न : दिवाडी बेटावर आमचे तीन खोल्यांचे होमस्टे आहे. गेल्या वर्षी बोंदेरां उत्सवाच्या आधी जुन्या पाहुण्यांना मराठीतून मोठा मेल पाठवला, इतिहास, फोटो, जेवणाची यादी, सगळे. बऱ्याच जणांना तो अर्धाच दिसला, आणि आता आमचे मेल स्पॅममध्ये जातात. मुंबईच्या एका पाहुण्यानेच ते सांगितले.

उत्तर : जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि खाली 'संपूर्ण मेल पाहा' अशी लिंक ठेवतं. फोटो त्यात मोजले जात नाहीत, मजकूर आणि त्यामागचा कोड मोजला जातो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन. त्यात वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की अदृश्य कोडाचा कचरा बरोबर येतो. तुमचा मेल त्यानंच फुगला असणार. आता कापलेल्या भागात काय गेलं? तळाची 'यादीतून नाव काढा' ही लिंक. ती सापडली नाही की माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो, आणि त्याला दोष देता येत नाही. मजकूर साध्या नोटपॅडमधून न्या, इतिहास चार ओळींत आणा आणि ती लिंक वरही एकदा द्या. शिवाय फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहूनं पाठवणाऱ्यांवर नियम कडक केले आहेत. तुमच्या डोमेनचं एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या तीन नोंदी) नीट लावलेलं आहे का, हे वेबसाइट करून देणाऱ्याला विचारा. अर्ध्या तासाचं काम आहे.

बोंदेरां ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी, यंदा २२ला. मेलमध्ये 'पावसाळी कार्निव्हल' असं लिहू नका, ते सगळे लिहितात. वाड्यांच्या हद्दीवरून पोर्तुगीज काळात भांडणं व्हायची, हद्दीवर बावटे रोवायचे आणि दुसऱ्या वाड्याची माणसं ते पाडायची, त्याचंच हे सोंग, एवढं पुरे. बावट्याला पोर्तुगीजमध्ये 'बांदेइरा' म्हणतात, त्यावरून बोंदेरां. पोरांच्या हातातल्या बांबूच्या फोटाशचा (खेळण्यातल्या बंदुकीचा) एक फोटो टाका. उरलेली जागा फेरीबोटीला द्या. ओल्ड गोव्याच्या धक्क्यावर त्या दिवशी गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते, शुक्रवारी संध्याकाळीच आलात तर काय वाचतं, परत केव्हा निघावं. पाहुण्याला तेच हवं असतं, आणि ते दिवाडकारालाच ठाऊक असतं. तीन खोल्या शुक्रवार ते रविवार अशाच द्या, एका रात्रीसाठी देऊ नका.

तुमच्यासाठी आणखी एक दिवस आहे, ४ सप्टेंबर, गोकुळाष्टमी, शुक्रवार. पलीकडे नार्व्याला पंचगंगेवर लोक स्नानाला जातात. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवरचं. नार्व्यातल्या त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. पुण्याच्या पाहुण्यांना एवढं एकच वाक्य लिहा, फोन येईल.

प्रश्न : आमचा ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचे प्रमाण, साठ टक्क्यांवर गेला आहे, पण विक्री आहे तिथेच. असे कसे?

उत्तर : सप्टेंबर २०२१पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की ती चालू असली तर माणसानं मेल उघडला नाही तरी 'उघडला' अशी नोंद होते. तुमच्या यादीत आयफोनवाले बरेच असणार. तो आकडा बघणं सोडा. किती जणांनी उत्तर दिलं, किती जणांनी मागवलं, एवढं वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : मी हिंदू, दुकान मडगावला, गावठी तांदूळ विकतो. कोंसाच्या फेस्ताला मेल पाठवला तर कोणी नाक मुरडेल का? घरात यावरून वाद झाला आहे.

उत्तर : रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला नव्या भाताची कणसं पाद्री आशीर्वाद देऊन वाटतात. आपण चवथीच्या दुसऱ्या दिवशी, पंचमीला, नव्याची कणसं घरी आणतो आणि दाराला बांधतो, यंदा १५ सप्टेंबरला. शेत तेच, कोयतीही तीच. तांदूळवाल्यानं या दोन्ही दिवशी मेल पाठवला नाही तर कुणी पाठवायचा?

मात्र फेस्ताला फेस्तच म्हणा, 'ख्रिस्ती नवान्न' असं नवं नाव पाडू नका. आशीर्वादाचं कणीस 'घराच्या सजावटीसाठी' म्हणून विकायला काढू नका. माझ्या माहितीत एकानं काढलं होतं, त्याला गावातून फोन आले. दर गावाचा दिवस वेगळा असतो, तेव्हा सगळ्या सासष्टी तालुक्याला एकच तारीख ठोकू नका. ज्या गावाचं फेस्त आहे तिथल्याच गिऱ्हाइकांना त्यांच्या फेस्ताच्या आठवडाभर आधी पाठवा. यादीत गावाचं नाव नसेल तर आधी तेच विचारणारा दोन ओळींचा मेल पाठवा. आणि पाठवण्यापूर्वी रायच्या एखाद्या गिऱ्हाइकाला मजकूर वाचायला द्या. आम्ही तसं केलं तेव्हा त्या बाईंनी कृतीतलं गुळाचं प्रमाणही दुरुस्त करून दिलं होतं. घरातला वाद तुमचा तुम्ही मिटवा, त्याला माझ्याकडे ईमेल नाही.