कॅडची सुरुवात: आधी व्हर्निअर, मग माउस

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कॅड (संगणकावर भागांचं ड्रॉइंग काढणं) सुरू होतंय, लॅपटॉप साधा आहे आणि कोणतं सॉफ्टवेअर धरावं ते कळत नाहीये. सॉफ्टवेअरचं आधी उरकते. फ्रीकॅड घ्या. फुकट आहे, विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आल्यापासून बरंच सुधारलंय. पुढे सॉलिडवर्क्स हे विकतचं कॅड सॉफ्टवेअर हाताशी आलं तर बटणं बदलतील, विचार तोच राहील.

पहिला जॉब म्हणून वर्कशॉपमधलाच एखादा एल ब्रॅकेट (काटकोनी आधारपट्टी) उचला. व्हर्निअरने (बारीक मापं घेणारी सरकती पट्टी) मोजा, कागदावर हाताने व्ह्यू, म्हणजे समोरून-वरून दिसणारे आकार, काढा (आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली), मगच माउसला हात लावा.

आणि स्केचमध्ये घाई नको. नवीन मुलं रेषा मारतात, आकार डोळ्यांना बरा दिसला की जाडी देऊन मोकळी होतात. तसं करू नका. ही रेषा आडवी, ती हिला समांतर, भोक कडेपासून १५ मिमीवर, असं सगळं बांधून घ्या. पूर्ण बांधलं गेलं की फ्रीकॅडमध्ये स्केच हिरवं होतं. तोवर पुढे जायचंच नाही. मग उद्या १५ चे १८ केलेत तरी आकार विस्कटणार नाही.

मी शिकत असताना एका खाचेचे आतले चारही कोपरे अगदी काटकोनी काढून मिलिंगवर नेले होते. मशीनवरच्या काकांनी ड्रॉइंग पाहिलं आणि १० मिमी व्यासाची एंडमिल (मिलिंगचा कटर) माझ्या हातात ठेवली, "हिने कर बघू." कटर गोल फिरतो, त्यामुळे आतल्या कोपऱ्यात निदान ५ मिमी त्रिज्या राहणारच. तेव्हापासून प्रत्येक आकार काढताना तो कोणत्या हत्याराने होणार हे मी आधी ठरवते. भोकाचंही तसंच. एम६ चा (६ मिमी बोल्टचा) आटा पाडायचा असेल तर ड्रिल ५ मिमीचं, बोल्ट नुसता आरपार जायचा असेल तर ६.६.

थ्रीडी प्रिंटला देणार असाल तर एक लक्षात ठेवा, एसटीएल फाइलमध्ये (प्रिंटसाठी भागाचा आकार हिच्यात साठवतात) एकक नसतं. इंचात काढलेला भाग मिलिमीटर धरून वाचला गेला तर २५.४ पट लहान होतो. स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी भागाचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) लांबी-रुंदी पाहूनच प्रिंट सुरू करा.

ब्रॅकेटचं स्केच हिरवं होत नसेल तर चित्र आणि मापं टाका, बघून सांगते.