बोअर मार्चमध्ये आटतं, तर अंगणात लॉन करावं का?

तुम्ही विचारलंय की सोलापूरला नवं घर आहे, पुढे दीड गुंठा मोकळी जागा आहे, बोअर मार्चमध्ये आटतं, तरी अंगण हिरवं हवं आणि पाखरंही यायला हवीत. मग लॉन लावू का?

नका लावू. सासवडला मी तो उद्योग करून बसले आहे. तयार गालिचा आणून अंथरला, दिवाळीत फोटो काढले आणि होळी झाल्यावर टँकर मागवायची पाळी आली. ऐन उन्हाळ्यात गवताला चौरस मीटरमागे रोज साधारण 5 लिटर पाणी लागतं. हजार चौरस फुटांना झालं साडेचारशे लिटर, म्हणजे तीन माणसांचं घर चालेल एवढं. आणि पाखरं म्हणाल तर दोन साळुंक्या. त्याही गवत वाळल्यावर आल्या.

मग ते सगळं उपटलं. कुंपणालगत तरवड, अडुळसा, मेंदी, निर्गुडी आणि कोपऱ्यात एक बहावा. तरवड रोपवाटिकेत सहसा मिळत नाही, त्याला कोण विकत घेणार! माळावरून वाळक्या शेंगा आणल्या आणि बी टाकलं. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपाशेजारी साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं होतं. भरून ठेवलं की पाणी मुळांशी झिरपत राहतं. वर झाकण मात्र हवंच, नाहीतर डास. बुंध्यापासून वीतभर सोडून चार बोटं जाड पालापाचोळा पसरला. तिसऱ्या उन्हाळ्यापासून यातल्या कशालाच मी मुद्दाम पाणी दिलेलं नाही. भाजी धुतलेलं पाणी कर्दळीला आणि अळूला जातं, तेवढंच.

आता पाखरांचं. इथे माझं चुकलं होतं ते सांगते. लिंबाच्या पानांवर पाखराने शिटल्यासारखं काहीतरी दिसायचं, जवळून पाहिलं तर अळ्या. लगेच औषध फवारलं. त्या लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या, हे नंतर कळलं. लहानपणी त्या तशाच दिसतात, म्हणजे पक्षी फसावेत. आपलं राज्यफुलपाखरू ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. फुलं लावली की फुलपाखरं नुसती मध प्यायला येतात, राहतात ती अळीला खायला पान असेल तिथे. म्हणून एक लिंबू आणि एक कढीपत्ता अळ्यांच्या नावाने सोडून द्या. एखादी रुई आपोआप उगवली तर उपटू नका, प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका). शिंपी आणि बुलबुल पिल्लांना अळ्या-किडे भरवतात, तेव्हा फवारणी चालू ठेवून पक्ष्यांची वाट बघण्यात अर्थ नाही.

घाणेरी कुणी सुचवली तर नको म्हणा. फुलपाखरं येतात हे खरं, पण ती बाहेरची, आणि पक्षी तिचं बी माळभर पसरवतात.

सापाची भीती तुम्ही विचारली नाहीत, पण घरचे विचारतीलच. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. दारापासून पाच-सहा फूट मोकळी, झाडलेली जमीन ठेवा. लाकडं आणि विटांचा ढीग घराला टेकवून ठेवू नका, पालापाचोळा कुंपणाकडेच राहू द्या. पाण्याचं भांडं उथळ हवं, आत एक-दोन दगड, आणि पाणी रोज बदलायचं.

घर अजून नवं आहे तर स्लॅबच्या पन्हाळाचं पाणी आत्ताच शोषखड्ड्याकडे वळवून घ्या. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी नऊशे लिटर होतं. तुमच्याकडे काळी माती असेल तर खड्डा खाली मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर पाणी तुंबून राहील. रोपांचे खड्डे मे महिन्यात काढून उन्हात तापू द्या, आणि मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्याशिवाय रोपं आणायला जाऊ नका.