हायबर्नियन: शीतनिद्रा नव्हे, हीव

प्रश्न: एडिनबराच्या ‘हायबर्नियन’ फुटबॉल क्लबला ११४ वर्षे स्कॉटिश चषक मिळाला नाही, म्हणून ‘हायबर्नेशन’वरून, म्हणजे शीतनिद्रेवरून, त्याचे हे नाव पडले असे ऐकले. खरे का? आणि मराठीत ‘हिबर्नियन’ लिहावे की ‘हायबर्नियन’?

उत्तर: ही थाप कोणी ना कोणी दर मोसमात नव्याने मारतो. निदान साल तरी पाहावे! क्लब १८७५चा, दुष्काळ १९०२च्या चषकानंतरचा. बारशाच्या दिवशी पुढचा उपास कोणाला दिसत होता? उलट १८८७मध्ये डंबार्टनला २-१ हरवून हा चषक स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर पहिल्यांदा आणला तो याच संघाने. आणि मधल्या काळात ते झोपले होते हेही खोटे. अंतिम सामने दहा हरले, पण ते हरायलाही तिथवर पोहोचावे लागते. लीग १९४८, १९५१ आणि १९५२मध्ये जिंकली, पहिल्याच युरोपियन कपमध्ये उपांत्य फेरी गाठली. शेवटी २१ मे २०१६ला भरपाई वेळेत डेव्हिड ग्रेने हेडर मारला, रेंजर्स ३-२ने हरले आणि विषय मिटला.

नावाचा उघड अर्थ कोणत्याही कोशात मिळेल: हिबर्निया म्हणजे लॅटिनमध्ये आयर्लंड. एडिनबराच्या काउगेट भागात पोटासाठी आलेल्या आयरिश लोकांचा हा क्लब. सेंट पॅट्रिक चर्चचे एडवर्ड हॅनन हे पाद्री त्याच्या मागे उभे होते. चिन्हात हार्प हे आयर्लंडचे तंतुवाद्य, ब्रीद ‘एरिन गो ब्रा’, म्हणजे ‘आयर्लंड चिरायू’. इथवर सरळ आहे.

खरी गंमत आरंभीच्या ‘ह’मध्ये आहे. तो तिथे नकोच होता. आयर्लंडचे मूळ केल्टिक, म्हणजे आयरिश ज्या भाषाकुळातली त्यातले, नाव ‘ईवेर्यू’च्या जवळपासचे, ग्रीकांनी ते ‘इएर्ने’, टॉलेमीने ‘इउएर्निया’ असे उतरवले. कुठेही ‘ह’ नाही. पहिल्या शतकातला रोमन भूगोलकार पोंपोनिअस मेला ‘युवेर्ना’च लिहितो. मग ‘हिबर्निया’ कुठून आले? लॅटिनमध्ये ‘हिबेर्नुस’ म्हणजे हिवाळी. उत्तरेचे बेट, म्हणजे थंडगार असणारच, असे धरून रोमनांनी ऐकलेल्या नावाला ओळखीच्या शब्दाचा अंगरखा चढवला. शुद्ध लोकव्युत्पत्ती.

आता हा ‘हिबेर्नुस’ आपला नातलग आहे. त्याच्या मुळाशी ‘हिएम्स’, म्हणजे हिवाळा. संस्कृतात त्याच धातूचे हिम आणि हेमंत. हिमातल्या ‘म’चा मराठीत ‘व’ झाला, ग्राम-गाव, नाम-नाव यांच्यासारखाच, आणि हीव, हिवाळा, हिवताप हे शब्द आले. तिकडे लॅटिनमधल्या ‘ब’चा फ्रेंचांनी ‘व’ केला आणि हिवाळ्याला ‘इव्हेर’ म्हणू लागले. दोन वेगळ्या वाटांनी दोघेही ‘व’वर येऊन पोहोचले!

माझे मत विचाराल तर हा ‘ह’ सीझरच्या छावणीतून आला. लॅटिनमध्ये ‘हिबर्निया’ रूप दिसते ते त्याच्या गॅलिक युद्धांच्या वृत्तांतात, आणि त्याच वृत्तांतात ‘हिबेर्ना’, म्हणजे फौजेचा हिवाळी तळ, हा शब्द पदोपदी येतो. दिवसरात्र तेच लिहिणाऱ्या हाताने बेटाच्या नावातही तेच लिहिले असणार. स्पेनमधल्या सेव्हिलचा विद्वान बिशप इसिडोर मात्र सातव्या शतकात ठोकून देतो की बेटाचे तोंड इबेरियाकडे आहे म्हणून हिबर्निया. नकाशा पाहून व्युत्पत्ती लावायची ही खोड तेव्हापासूनची. गंमत म्हणजे तोच इसिडोर हिबर्नियाला ‘स्कोशिया’ असेही म्हणतो, कारण त्या काळी ‘स्कॉट’ म्हणजे आयरिश माणूस. आमची संघटना स्कॉटिश लोकांसाठी आहे, असे सांगून या क्लबची नोंदणी सुरुवातीला नाकारणाऱ्या फुटबॉलच्या कारभाऱ्यांना हे कोणी वाचून दाखवायला हवे होते.

आणि मूळ ‘ईवेर्यू’चा अर्थ? केल्टिक भाषांनी आरंभीचा ‘प’ गिळला: आपला पितृ, लॅटिनचा ‘पातेर’, तर जुन्या आयरिशमध्ये ‘अथिर’. तो ‘प’ परत लावा की संस्कृत ‘पीवरी’ समोर येते: पुष्ट, भरलेली. सुपीक भूमी. तोच भूगोलकार पोंपोनिअस मेला सांगतो की तिथले गवत इतके माजते की गुरांना वेळीच आवरले नाही तर ती खाऊन फुटतात. अशा देशाला रोमनांनी हिवाळी ठरवले.

म्हणजे ‘हायबर्नेशनशी काडीचाही संबंध नाही’ असे ठणकावणारेही अर्धेच बरोबर. देशाच्या मूळ नावाशी नाही, पण त्यावर चढलेल्या अंगरख्याशी आहे. दोन्ही शब्द ‘हिबेर्नुस’चेच कापड वापरतात.

लेखनाचे म्हणाल तर पूर्ण नाव ‘हायबर्नियन’, समर्थकांचे लाडके ‘हायबीज’, पण आखूड रूप ‘हिब्स’; तिथे ‘हाय’ करू नका. त्यांच्या मैदानाच्या ‘ईस्टर रोड’लाही सण चिकटवू नका. स्कॉट्स भाषेत ‘ईस्टर’ म्हणजे पूर्वेकडचा; एडिनबराहून लीथ बंदराला जाणारा तो पूर्वेकडचा रस्ता.