काकांची एमजी-बी ट्रॅकवर न्यावी का?

घोडबंदर रोडवरच्या आपल्या सोसायटीत काकांकडून आलेली 1967 सालची एमजी-बी ही दोन आसनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी उभी आहे, तिचे इंजिन आणि बहुतांश रंग मूळचा आहे, कागदपत्रे पूर्ण आहेत, आणि ती संग्रहात जपावी की रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा आतला पोलादी नळ्यांचा सांगाडा) बसवून वर्षातून तीन-चार वेळा चेन्नईच्या ट्रॅकवर पळवावी, असे आपण विचारले आहे. सानपाड्यात गेली बावीस वर्षे मी एक जुनी दोन आसनी ब्रिटिश गाडी सांभाळतो आहे आणि तिला एकदा ट्रॅकवरही नेऊन पाहिले आहे, म्हणून माझे मत आधीच सांगतो. ही गाडी ट्रॅकवर नेऊ नका. मात्र कव्हर घालून कोपऱ्यात ठेवणार असाल, तर त्यालाही माझा तितकाच विरोध आहे.

ट्रॅकसाठी गाडी तयार करणे म्हणजे केवळ चांगले टायर आणि ब्रेक पॅड घालणे नव्हे. रोल केजचे पाय तळाच्या पत्र्याला वेल्ड करावे लागतात किंवा भोके पाडून बोल्टने आवळावे लागतात, मूळ सीट काढाव्या लागतात, आणि एकदा कापलेला पत्रा पुन्हा कारखान्यातून आला तसा होत नाही. तिच्या आधीच्या एमजी-ए या मॉडेलला स्वतंत्र चेसिस, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, होता. एमजी-बीला तो नाही. तिची बॉडीच सगळा भार पेलते, आणि त्यातला मोठा वाटा दारांखालच्या सिलवर, म्हणजे तिथल्या लांब पोकळ पत्र्याच्या पेट्यांवर, येतो. ठाण्याच्या खाडीवरून येणारी खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस या सिलना आतून खात असतो. वरचा रंग तुकतुकीत दिसतो आणि आतला पत्रा पापडासारखा झालेला असतो. हे तपासण्याची जुनी रीत अशी, की गाडी समतल जागी उभी असताना दाराच्या मागच्या फटीत बोट फिरवून अंदाज घ्यावा, मग एक बाजू जॅकवर उचलावी आणि पुन्हा तीच फट पाहावी. फट वरच्या बाजूला मिटत आली किंवा दार अडकू लागले, तर सिल गेली आहे असे समजावे. अशा बॉडीवर वेगात वळणाचा ताण टाकणे धोक्याचे आहे, आणि सिल धडधाकट निघाल्या तर इतकी वर्षे टिकलेली ती गोष्ट ट्रॅकवर पणाला लावू नये.

इंजिनाच्या बाबतीत आपण नशीबवान आहात. एमजी-बीचे 1798 सीसीचे इंजिन आणि आपल्या जुन्या अँबॅसडरचे 1489 सीसीचे इंजिन, ही दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या बी-सीरिजची भावंडे आहेत. वागळे इस्टेटच्या आसपास अँबॅसडरवर हात बसलेला एखादा जुना फिटर अजून भेटला, तर तो नुसत्या आवाजावरून टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग) सैल आहेत की इंजिनातली टायमिंग चेन वाजते आहे ते सांगेल. सुटे भाग सरसकट एकमेकांना बसतात असे मात्र समजू नका. जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो ती कडा) शिसेयुक्त पेट्रोल गृहीत धरून केलेल्या असत, आणि आपल्याकडे 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. रमतगमत चालवताना याचा फारसा त्रास होत नाही, परंतु ट्रॅकवर पाच हजार आरपीएम सतत राखले, की एक्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसू लागतात. हेड उघडून कडक धातूच्या सीट बसवता येतात. इंजिनाच्या ब्लॉकला, म्हणजे मुख्य ओतीव भागाला, तडा गेला, तर मात्र त्यावर रिव्हेट केलेल्या पट्टीवरचा मूळ इंजिन नंबरही निरर्थक होतो, आणि आपल्या गाडीची अर्धी ओळख त्या नंबरात आहे.

माझा स्वतःचा अनुभव ब्रेकचा आहे. श्रीपेरुम्बुदूरजवळचा तो चेन्नईचा ट्रॅक सुमारे 3.7 किलोमीटरचा आहे. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम गेल्या, तिसऱ्या फेरीत सरळ भाग संपताना पेडल मऊ लागले, आणि पुन्हा दाबले तेव्हा ते थेट तळाला टेकले. ब्रेक ऑइल मी तीन पावसाळे बदलले नव्हते; ते हवेतला ओलावा शोषते, आणि तापून उकळले की त्यात वाफ होऊन ब्रेक लागत नाही. डॉट 4 प्रतीचे ताजे ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी मानकाने धरलेली किमान मर्यादा मात्र 155 अंशांची आहे. मी मातीत उतरून थांबलो. मला काही झाले नाही, पुढचा पत्रा वाकला तोही डेंटरने सरळ केला, पण तेवढ्या भागावरचा मूळ रंग गेला आणि त्याची हळहळ मला आजही वाटते.

कायद्याची बाजूही पाहा. 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे. केजसाठी बॉडी कापलीत, तर तो मार्ग आपल्या हाताने बंद कराल. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा कामांसाठीच रस्त्यावर काढता येते, म्हणून रविवारी सहज फिरवायची असेल तर नेहमीचे आरसी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवणे मला अधिक योग्य वाटते. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरचे नुकसान आपल्याच खिशातून जाईल. इतक्या जुन्या गाडीची विमा किंमत कंपनीशी बोलून ठरते; ती ठरवताना फोटो आणि जुनी बिले पुढे ठेवा.

आता न चालवण्याविषयी. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, ब्रेकचे सिलिंडर गंजून अडकतात, आणि हल्लीच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप फुगतात व मऊ पडतात. ते पाइप आधी बदला. पंधरा दिवसांतून एकदा पहाटे गाडी काढा आणि निदान वीस-पंचवीस किलोमीटर चालवा, म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर पुरते तापून आतला ओलावा निघून जाईल. सोसायटीत उभ्या उभ्या पाच मिनिटे सुरू ठेवण्याने तो उलट साठतो. पहाटेच्या नवी मुंबईतल्या पाम बीच रोडवर टप उघडून साठच्या वेगाने जाताना तो एक्झॉस्टचा घुमारा ऐकलात, की काकांनी ही गाडी का ठेवली होती ते आपल्याला उमगेल.

ट्रॅकची ओढ खरी असेल, तर ती मारू नका. व्हीटेक इंजिनाची पहिली होंडा सिटी किंवा जुनी मारुती एस्टीम घ्या, केज त्यात बसवा. ठोकर बसली तरी पत्रा सहज मिळतो. आपली एमजी-बी आधीच कापाकापी झालेली आणि दुसऱ्याच इंजिनाची असती, तर मी तिलाच ट्रॅकवर न्या म्हटले असते. पावसाळ्याआधी एवढे करा: जॅक लावा, दोन्ही दारांच्या फटी पाहा, आणि काय आढळले ते कळवा. सिल बदलायची वेळ आली असेल, तर दारे जागेवर ठेवून आणि बॉडीला आतून आडवे टेकू वेल्ड करूनच ते काम करवून घ्या, नाहीतर बॉडी मधोमध खचते आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत.